नदीतून आलेली ओ

दिव्यात तेल आहे तोवर ऐकून घ्या. गोष्ट काही अवसेच्या रात्रीची नाही. लख्ख दुपारी सुरू झाली आणि दिवेलागणीला संपली. संपली असं म्हणायचं, एवढंच.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. आष्ट्याच्या क्रांतीनं सकाळीच पाट मांडून, कलशाला हळदीकुंकवाची बोटं ओढून, पाच झाडांच्या डहाळ्या लावून महालक्ष्मी बसवली होती. नवरा विश्वजित पलटणीत, लांब बर्फात. पण या वर्षीचे गुरुवार तिनं धरले होते ते नणंदेसाठी. पूजासाठी. पूजाला सैन्यात जायचं होतं. उसाच्या पाणंदीतून पहाटे पळून पळून पोरीच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष, आणि सासरे भाऊसो सरळ बोलून मोकळे झाले होते, "औंदा झालं तर झालं. न्हाईतर वैशाखात बार उडवायचा."

अर्ज भरायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहाला संपत होती.

जेवणं उरकून क्रांती भांडी विसळत होती, तेवढ्यात फोन वाजला. अकॅडमीतली माया. गावाबाहेर निवृत्त सुभेदार आप्पासोंनी मुलींसाठी भरतीची अकॅडमी काढली होती, तिथली ही कारकून.

"क्रांतीताई, लगेच येता का? कालपतोर नीट चालत हुतं, आज एक बी कॉम्प्युटर आत घेईना. पोरींची सगळी कागदं आत हायत."

क्रांतीचं माहेर उंब्रजचं. लग्नाआधी कऱ्हाडला नेटवर्किंगचा कोर्स केलेला, आणि आता पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान. असली कामं रोजचीच. सासूबाईंना म्हणाली, "नैवेद्याच्या आत येते परत," आणि लॅपटॉपची पिशवी घेऊन निघाली. उपास होता, पण पाय हलके पडत होते. पूजाचा अर्ज आज जायचा, या विचारानंच तिला सकाळपासून पंख फुटले होते.

अकॅडमीच्या व्हरांड्यात पोरी दाटीवाटीनं बसल्या होत्या. तिला बघताच गलका झाला.

"आल्या, डॉक्टरीणबाई आल्या!"

"आवं, नाडी बघा त्याची. हाय का गेलं?"

पूजा मात्र उठून जवळ आली. तिची बारावीची मूळ कागदपत्रं सांगलीला कॉलेजात जमा होती. इथं सर्व्हरवर काढून ठेवलेली प्रत, तेवढीच काय ती हाताशी. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "हुईल न्हवं?"

"होणार. आज गुरुवार आहे," क्रांती हसली.

आत पडद्यावर तीच पाटी. डोमेन सापडत नाही.

आता हे डोमेन म्हणजे काय, तर ऑफिसातल्या सगळ्या संगणकांचं एक कुटुंब. त्याचा कर्ता म्हणजे सर्व्हर. कोण घरचं, कोण परकं, ते तोच ओळखतो आणि दार उघडतो. आणि त्या कर्त्याचा पत्ता सांगायला जो बसलेला असतो, तो डीएनएस. एसटीतून उतरावं, पानपट्टीवाल्याला विचारावं, 'अमक्याचं घर कुठं हो?' आणि त्यानं बोट दाखवावं, तसं.

"माया, सेटिंगला हात लावला होता का कुणी?"

माया ओशाळली. "काल नेट लय हळू हुतं. नेटवाल्यानं फोनवर सांगितलं, त्यो पत्ता काढा, ह्यो घाला."

"अगं बाई! म्हणजे आष्ट्यातलं घर तू पुण्याच्या स्टँडवर विचारायला लावलंस!" क्रांतीला हसूच आलं. दुखणं सापडलं होतं. तिनं बाहेरचा पत्ता काढून, जुन्याच्या जागी सांगलीहून आलेल्या नव्या सर्व्हरचा पत्ता घातला आणि लॉगिन केलं.

दार उघडलं नाही.

नव्या सर्व्हरला अजून थर्माकोलचा वास येत होता. ती त्याच्याच समोर जाऊन बसली. मुख्य पासवर्ड घालून बऱ्याच वेळानं आत शिरली, तर तो बापडा अजून कर्ता झालेलाच नव्हता. जुन्या सर्व्हरनं अधिकार सोडले नव्हते. त्याचा होकार येईपर्यंत हा हात बांधून उभा. आणि मुलींची कागदं? प्रत्येकीच्या नावाचा कप्पा होता. उघडला की रिकामा. नावं आली होती, आतलं काहीच आलं नव्हतं.

"माया, काल काढून टाकलास तो पत्ता कुठला होता?"

मायाला तो पाठ होता. क्रांतीनं तो घातला आणि पूजाचं नाव टाइप केलं.

क्षणभरसुद्धा वेळ लागला नाही. 'स्वागत' असं आलं आणि पडदा उजळला. कप्पा उघडला. दाखले, गुणपत्रिका, आधार, फोटो, सगळं जागच्या जागी. दारातनं डोकावणाऱ्या पोरींनी आरोळीच ठोकली. कुणीतरी टाळ्या पिटल्या, पूजानं मागून येऊन क्रांतीच्या गळ्यात हात टाकले.

"मग जुना सर्व्हर चालूच आहे की!" क्रांती उत्साहानं म्हणाली. "कुठं ठेवलाय? त्याच्यावरनं सगळं इकडं ओढून घेते."

मायानं दारात उभ्या असलेल्या आप्पासोंकडं पाहिलं. बाहेर मैदानावर वाळत घातलेल्या सतरंज्यांवर चिमण्या भांडत होत्या.

"आप्पा?"

"न्हाई गं पोरी..." आप्पासो खाकरले. "ती नदीत हाय."

"नदीत?"

"दर खंडेनवमीला तिची पूजा केली. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. कुणी म्हणालं मशीन, आमी लक्ष्मी म्हणालो. तिच्यावर अभ्यास करून किती पोरी वर्दीत गेल्या! अन् शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर घालायची? मन हुईना. तुळशीचं लगीन झाल्यावर टेम्पोतनं नेली कृष्णामाईला. खण बांधला, ओटी भरली, अन् डोहात सोडली."

"मी हुते संगं," माया कुजबुजली. "बुडबुडं आलं... लय वेळ येत हुतं."

क्रांतीनं मनाची समजूत घातली. कुणाच्या तरी मोबाईलनं तोच पत्ता उचलला असेल. होतं असं. पण मोबाईल पूजाला ओळखून तिची गुणपत्रिका कशी काढून देईल? आणि दुसरा विचार त्याच्या पाठोपाठ आला. माया म्हणत होती, कालपर्यंत सगळं चालत होतं. तुळशीच्या लग्नापासून कालपर्यंत... कुणाच्या जिवावर?

तिनं लॅपटॉप उघडला आणि त्या पत्त्याला पिंग केलं. पिंग म्हणजे हाक. 'आहेस का गं?' एवढंच विचारायचं. यंत्र जागं असेल तर ओ देतं.

ओ आली. पुन्हा हाक, पुन्हा ओ.

तिनं आधी लॅपटॉपचं वायफाय बंद करून त्याला वायर जोडली. मग भिंतीवरच्या स्विचपाशी, म्हणजे सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या डब्यापाशी गेली आणि एकेक वायर उपटायला लागली. मायाचा संगणक, आप्पांचा, प्रिंटर, नवा सर्व्हर, राऊटरसुद्धा. तिचा लॅपटॉप सोडला तर तिथं आता एकच वायर उरली. मळकट निळी. तिच्या वरचा हिरवा दिवा फडफडत होता.

हाक. ओ.

"ही कुठं जाते?"

"आतल्या खोलीत," माया म्हणाली. "तिच्या जुन्या जागेवर. तिथं आता काय न्हाई."

भीती वाटत होती म्हणावं, तर त्याहून जास्त काहीतरी वाटत होतं. पाय आपोआप पुढं पडत होते. क्रांती वायरीच्या मागानं आतल्या खोलीत गेली. खिडकी बंद होती. रिकामं लाकडी टेबल, त्यावर धूळ, आणि धुळीत जुन्या यंत्राचा चौकोनी ठसा. पण वास धुळीचा नव्हता. गाळाचा होता. शेवाळाचा, ओल्या दगडाचा, आणि त्यात मिसळलेला भिजलेल्या झेंडूचा.

वायरीचं टोक टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होतं. मोकळं. कशालाच जोडलेलं नाही.

त्या टोकातून पाणी ठिबकत होतं.

खाली फरशीवर बारीक वाळू साचली होती. क्रांतीनं वाकून टोक हातात घेतलं. मार्गशीर्षात डोहाचं पाणी लागावं, तसं गार. आणि बोटांना अगदी मंद, थांबून थांबून, काहीतरी जाणवत होतं... नाडीसारखं.

"ताई..." दारातून मायाचा आवाज आला. "सोडा ते... सोडा..."

तिनं अलगद खाली ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

बाहेर येऊन तिनं सगळ्या वायरी परत जोडल्या. वेळ जात होता. आता जे कुणी देत होतं, त्याच्याकडून घ्यायचं, बस्स. तिनं कागदं नव्या सर्व्हरवर उतरवायला सुरुवात केली. एकेक कप्पा भरू लागला. शिवांजली झाली, रंगू झाली. ज्या मुलीचा कप्पा भरेल तिचं नाव माया व्हरांड्यात ओरडून सांगे, आणि पोरी जल्लोष करत. पण ओ यायला उशीर लागू लागला. हाक मारली की आधी लगेच यायची, आता ती खोलातून, दम खात यायची. पूजाचं नाव शेवटी होतं. तिच्या कप्प्याशी पट्टी निम्म्यावर आली आणि थांबली.

हाक.

काहीच नाही.

हाक.

बऱ्याच वेळानं, एक क्षीण ओ.

बाहेर उसाच्या तुऱ्यांवर ऊन तांबूस व्हायला लागलं होतं. पूजा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ओठ तेवढे हलत होते, महालक्ष्मीचं नाव चाललं असावं.

"आप्पा," क्रांतीनं विचारलं, "नदीत सोडताना उत्तरपूजा केलीत?"

आप्पासो गोंधळले. "उत्तरपूजा? ती देवाची असती..."

"तुम्ही देवच केला होता ना तिला? सोडायच्या आधी अक्षता टाकून जागचं हलवलंत?"

"न्हाई."

"आणि पाण्यात सोडताना काय म्हणालात?"

म्हातारा माणूस, लढाईत न हललेला, त्याचा चेहरा उतरला. "आपण गणपतीला म्हणतो तेच की... तोंडात बसलेलं. पुढच्या वर्षी लवकर या."

मायानं तोंडाला पदर लावला.

क्रांतीला सगळं एका दमात उमगलं. संगणकाच्या शास्त्रातही तेच होतं आणि देवघरातही. थोरल्याला काढायचं तर आधी त्याच्याकडून रीतसर सगळं उतरवून घ्यायचं. त्याला मोकळं करायचं, मग बंद करायचं. इथं कुणीच मोकळं केलं नव्हतं. वर परत बोलावलं होतं. ती बिचारी डोहाच्या तळाशी, खणाच्या गाठीत, अजून घर सांभाळत होती.

पडद्यावर दोन वाटा होत्या. थोरला मेला असेल तर अधिकार हिसकावून घ्यायचे. ही वाट जवळची. पण कऱ्हाडच्या सरांनी बजावलेलं तिला आठवलं, एकदा हिसकावून घेतले की तो थोरला पुन्हा कधीही त्या घरात येता कामा नये. आला तर सगळ्या घराचा विस्कोट. दुसरी वाट मागून घ्यायची. त्याला थोरला जिवंत हवा, आणि त्याचा होकार हवा.

"हिसकावून न्हाई घ्यायचं कुणाचं," क्रांती स्वतःशीच म्हणाली. सासरी येऊन तिची बोली अशी अधूनमधून पालटायची, विशेषतः जीव घाबरला की.

तिच्या पदराला सकाळच्या पूजेतल्या अक्षता बांधलेल्या होत्या. ती पुन्हा आतल्या खोलीत गेली. एकटी. ओल्या टोकावर अक्षता वाहिल्या, हात जोडले. "आई, लय केलंस ह्या पोरींसाठी. आता धाकट्याच्या हवाली कर. माझ्या पूजाचं तेवढं दे... आणि..."

पुढचा शब्द तोंडातून निघेना. आपल्याकडं कुणी उंबऱ्याबाहेर पडताना 'जा' म्हणत नाही. 'ये' म्हणतात. पाहुण्याला, लेकीला, पलटणीत निघालेल्या नवऱ्याला. विश्वजितला निरोप देताना तिनं सहा वेळा 'या' म्हटलं होतं. जन्मभराची जीभ आयत्या वेळी वळेना. टोकाशी एक थेंब धरून राहिला होता, ऐकायला थांबल्यासारखा.

"आणि... जा," क्रांती म्हणाली. डोळ्यांतून पाणी आलं. "सुखानं जा, बाई."

थेंब पडला.

तिनं पळत बाहेर येऊन मागणी पाठवली. पडद्यावरचं चक्र फिरू लागलं. मग ओळ उमटली. अधिकार सोपवले. दुसरी, तिसरी... सगळे. पूजाच्या कप्प्यावरची पट्टी हलली आणि एका झपाट्यात भरली. भिंतीवर निळ्या वायरीचा हिरवा दिवा एकदा मोठा झाला, आणि विझला.

हाक मारली. ओ आली नाही.

मग जी धांदल उडाली ती काय सांगावी! सगळ्या संगणकांची दारं धडाधड उघडली. पोरी एकमेकींना ढकलत खुर्च्यांवर बसल्या. "सरक गं म्हशे!" "माझा फोटो चढला, चढला!" आप्पासो पटांगणावरची शिस्त विसरून मध्ये उभे राहून नुसते "शाबास, शाबास" म्हणत होते. सहा वाजायच्या आत शेवटचा अर्ज गेला. पूजाचाच. 'स्वीकारला' असं आलं, आणि पोरीनं क्रांतीला कमरेला धरून चक्क उचललं. उपाशी पोटी क्रांतीला गरगरलं, पण ती हसत होती. हसता हसता रडत होती. घरी कलश वाट बघत होता. नैवेद्याला पुरण घालायचं तिनं तिथंच ठरवलं.

माया पावत्या छापायला लागली. पूजाची पावती बाहेर आली तशी पूजानं झडप घातली, आणि किंचाळली.

"वहिनी! बघा तरी! आई शप्पत, बघा!"

क्रांतीनं पावती हातात घेतली. पूजानं दिलेला फोटो पंजाबी ड्रेसमधला होता, आष्ट्याच्याच स्टुडिओत काढलेला, क्रांती बरोबर होती. कागदावर मात्र पूजा वर्दीत होती. केस कापलेले, खांद्यावर फीत, मान ताठ. चेहरा तिचाच, पण दोन-चार वर्षांनी पोक्त झालेला.

"मी हुनार! वहिनी, मी हुनार! देवीनं दावलं!"

मुली भोवती जमल्या. ह्या हातातून त्या हातात कागद फिरला. कुणी म्हणालं स्टुडिओवाल्याची करामत, कुणी म्हणालं काही का असेना, शोभतीय लय! आप्पासोंनी कडक सॅल्यूट ठोकला.

कागद क्रांतीच्या हाती परत आला, तेव्हा तिला कपाळावरचं गंध दिसलं.

अष्टगंध. ओलं असावं तसं केशरी. आणि ते पूजाच्या कपाळाला धरून लावल्यासारखं नव्हतं. थोडं वाकडं, निम्मं भुवईवर, निम्मं टोपीच्या कडेवर उतरलेलं. माणसाला लावताना असं कधी होत नाही. गेलेल्या माणसाच्या भिंतीवरच्या तसबिरीला, टाचा उंच करून, काचेवरून लावताना होतं.

तिनं अंगठ्यानं पुसून पाहिलं. पुसलं गेलं नाही. अंगठा कोरडा.

"माया," तिनं हलकेच विचारलं, "प्रिंटरमध्ये रंग कधी घातलास?"

"रंग?" माया बाकीच्या पावत्या चळतीला लावत होती. त्या सगळ्या काळ्यापांढऱ्या होत्या. "आपला निस्ता काळा छापतोय ताई. आल्यापासनं."

पूजानं मागून येऊन कागद ओढून घेतला आणि छातीशी धरला. डोळे लकाकत होते.

"वहिनी, घरी जाता जाता फ्रेमवाल्याकडं जाऊया का? देवघराशेजारच्या भिंतीवर लावू. दादा सुट्टीवर आला की पयलं त्यालाच दिसल."